बाळसं नव्हे, सूज

जानेवारीतली गोष्ट. शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या एका रिकाम्या रानात ऊसतोड टोळीच्या तीसेक खोप्या पडल्या होत्या. तपासणीला आम्ही तिघी गेलो होतो. एक आरोग्यसेविका, गावातल्या अंगणवाडीच्या ताई आणि मी, पोषण पुनर्वसन केंद्रातली आहारतज्ज्ञ. टोळी पहाटे चारलाच फडात गेलेली. खोप्यांवर म्हातारी माणसं, लेकरं आणि कुत्री. वजनं घेऊन संपत आली तेव्हा बीडकडच्या एका आजीनं कडेवरचा नातू पुढं केला. वय २२ महिने. गाल वर आलेले, पावलं गुबगुबीत. ताई हसून म्हणाल्या, "ह्याला काय धाड भरलीया? बाळसं धरलंय की चांगलं."

वजन ९ किलो. वयाच्या मानानं कमी, पण तक्त्यावर मध्यम गटात बसणारं. उंची ७६ सेंटिमीटर, आणि त्या उंचीला हे वजन चक्क ठीक. दंडाचा घेर १२.१, म्हणजे पट्टीवर पिवळा पट्टा. थोडक्यात, पोरगं 'लक्ष ठेवा' या रकान्यातलं. मीही ते तसंच लिहून पुढच्या मुलाकडं वळले होते, हे इथं कबूल करते.

परत वळले ते एका माशीमुळं. काट्याच्या झोळीत घातलं की या वयाची पोरं आकाशपाताळ एक करतात. हा ठेवला तसा बसून राहिला. माशी येऊन डोळ्याच्या कोपऱ्यात बसली आणि त्यानं पापणीसुद्धा हलवली नाही. आजीला टोपडं काढायला सांगितलं. केस विरळ, तांबूस, चिमटीत धरले तर न ओढताच हातात आले. मांडीच्या मागं कातडीचे पापुद्रे सुटलेले, जुन्या भिंतीचा रंग उलतो तसे. मग दोन्ही पायांच्या पाठीवर अंगठा दाबून तीन आकडे मोजले आणि उचलला. भिजवलेल्या कणकेत बोट रुतावं तसा खड्डा पडला, आणि तो भरून यायला वेळ लागला.

दोन्ही पायांवर खड्डा पडणारी सूज असली की वजन कितीही असो, दंड कितीही असो, ते मूल तीव्र कुपोषित. नियम इतका सरळ आहे. पण काटा पाणी आणि मांस वेगळं तोलत नाही, आणि सगळा सरकारी कागद काट्यावर चालतो.

आजीला विचारलं, "ह्याच्या पाठचं हाय का?"

"हाय की माय. तीन हप्त्याचं."

या एका उत्तरात सगळं प्रकरण आलं.

सुनेला दिवस गेल्याचं कळलं तसं याचं अंगावरचं दूध तोडलं, कारण पोटुशीचं दूध लेकराला बाधतं अशी तिकडं समजूत. (इकडंही आहे, उगाच बीडला नावं ठेवायला नकोत.) तेव्हा हा १४ महिन्यांचा. दसऱ्यानंतर टोळी इकडं आली. तेव्हापासून त्याचं खाणं म्हणजे सकाळी चहात बुडवलेला बटर, दुपारी चहात कुस्करलेली भाकरी, रडला तर पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, रात्री कालवणाच्या पाण्यात भाकरी. पोट भरत होतं, म्हणून तो उपाशी आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही. सूज आल्यावर तर उलट 'कारखान्याचं पाणी मानवलं' म्हणून कौतुक झालं. आठ दिवसांपूर्वी पाय जास्तच फुगले म्हणून एका दवाखान्यात नेलं होतं. तिथं सूज उतरायचं, म्हणजे लघवी जास्त करवणारं औषध मिळालं आणि प्रोटीन पावडरीचा डबा लिहून दिला. या दोन्ही गोष्टींकडं पुढं येते.

'पाठचं' हा शब्द मला कॉलेजात कुणी शिकवला नाही. शिकवलं ते डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंच्या चरित्रानं.

विल्यम्सबाई १८९३ साली जमैकात जन्मल्या. ऑक्सफर्डला शिकल्या, आणि तेही पहिल्या महायुद्धात पुरुष डॉक्टरांची चणचण होती म्हणून बायकांना वैद्यकीचं दार किलकिलं झालं तेव्हा. १९२३ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या तोवर युद्ध संपलं होतं, पुरुष परत आले होते आणि बाई डॉक्टरला नोकरी द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी १९२९ मध्ये ब्रिटिश वसाहतींच्या वैद्यकीय सेवेत त्या गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला गेल्या. हुद्दा 'महिला वैद्यकीय अधिकारी', आणि पगार त्याच कामाच्या पुरुषापेक्षा कमी.

अक्रा शहरातल्या मुलांच्या दवाखान्यात त्यांना पोरं दिसू लागली ती अशी: एक ते चार वर्षांची, पाय सुजलेली, केस तांबूस झालेले, कातडी सोलवटलेली, आणि कमालीची मलूल. थोड्याच दिवसांत ती मरत. त्यांच्याआधीच्या डॉक्टरांनाही ही मुलं दिसतच असणार. फरक एवढाच की विल्यम्सबाईंनी तिथल्या बायकांना विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? गा भाषेत त्याला एक शब्द होता, क्वाशिओरकर. पाठचं भावंड आलं की आधीच्याला जो आजार जडतो, तो. आईच्या मांडीवरून उतरवलेल्या मुलाचा आजार. त्या एका शब्दात कारण, वय, घरातली परिस्थिती आणि उपायाची दिशा सगळं होतं. आमच्याकडं सुकलेल्या मुलाला 'सुकटी' म्हणतात, कुणाही किरकिऱ्या पोराला 'मुडदूस झालाय' म्हणून मोकळं होतात. पण आजाराच्या नावातच घरचा पत्ता असलेला शब्द मला तरी कोल्हापुरात ऐकायला मिळालेला नाही.

त्यांनी १९३३ मध्ये हे लिहून छापलं आणि मक्याच्या आहाराशी त्याचा संबंध जोडला. १९३५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुन्हा लिहिलं, या वेळी मथळ्यातच तो गा शब्द घालून. आफ्रिकेतल्या आजारांचे त्या वेळचे मोठे जाणकार, डॉ. स्टॅनस, म्हणाले, यात नवीन काय, हा तर पेलाग्रा. पेलाग्रा हा 'ब' गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, तोही मका खाणाऱ्यांना होतो. बाईंनी दोन्ही आजारांतले फरक एकेक करून मांडले. तरी मान्यता मिळायला बरीच वर्षं गेली. एका बाईनं, तेही तिथल्या अडाणी समजल्या जाणाऱ्या आयांच्या तोंडचा शब्द घेऊन आजाराचं बारसं करावं, हे पचायला जड गेलं असणार, असं माझं मत.

आता शिरोळहून आणलेल्या आमच्या लेकराकडं.

दाखल करायलाच दीड दिवस गेला. टोळीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको बाळंतीण म्हणून आधीच अर्धा कोयता बसलेला, आणि ती विसाव्या दिवसापासून मोळ्या बांधायला जाऊ लागली होती. ती दवाखान्यात बसली तर उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, फिटायची कशी, हा मुकादमाचा सवाल. केंद्रात आईला बुडीत मजुरी मिळते, पण ती उचलीच्या हिशेबात कुठंच बसत नाही. शेवटी नणंद फडात जायला तयार झाली आणि आई दोन्ही लेकरं घेऊन आली. आली ती तान्ह्यासाठी दुधाची बाटली घेऊन. दिवसभर फडात, म्हणून तान्ह्याला डब्याचं दूध सुरू झालेलं, आणि डबा महाग म्हणून दोन चमच्यांच्या जागी अर्धा चमचा. म्हणजे मोठ्याचं झालं ते धाकट्याचं होण्याची तयारी घरात सुरूच होती.

पहिल्या दिवसाचं औषध म्हणजे खाणं, आणि तेही चमत्कारिक वाटेल असं. चुरमुरे मिक्सरमधून काढून त्याचं पीठ करायचं. १०० मिलीला ३० मिली दूध, ६ ग्रॅम साखर, अडीच ग्रॅम चुरमुऱ्याचं पीठ, अडीच ग्रॅम तेल आणि बाकी उकळून गार केलेलं पाणी. यात १०० मिलीमागं ७५ कॅलरी आणि जेमतेम एक ग्रॅम प्रथिनं. सूज खूप असेल तर दिवसाला किलोमागं १०० मिली. आमच्या हिशेबानं ९०० मिली, दर दोन तासांनी ७५ मिली, रात्रंदिवस, वाटी-चमच्यानं.

हे बघून दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ माझ्यावर चिडले. ज्यांच्या रानात टोळी तोडत होती ते शेतकरी. माणूस भला. लेकराचं कळलं म्हणून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून धारोष्ण म्हशीचं दूध किटलीत घेऊन आलेले, वर फेस तसाच. ज्या गावात पैलवान संध्याकाळी कट्ट्यावर उभ्या उभ्या शेर-शेर दूध पितात तिथं मी म्हणाले, "काका, हे त्याला चालायचं नाही." ते बघतच राहिले. "कोल्हापुरात दुधाला नको म्हणणारी तुम्ही पहिलीच बाई बघतोय मी. आवो, पोरगं खायला नाही म्हणून मरायला लागलंय, आणि तुम्ही पाणी पाजताय?"

त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या तसाच विचार करत होत्या. पण या अवस्थेत यकृतात चरबी साठलेली असते, आतडी पातळ झालेली असतात, हृदय अशक्त असतं, पेशींमध्ये मिठाचा भार वाढलेला आणि पोटॅशियम कमी झालेलं असतं. अशा शरीरावर एकदम म्हशीच्या दुधाची प्रथिनं आणि चरबी ओतली तर जुलाब लागतात, आणि कधी हृदयच थकतं. प्रोटीन पावडर त्याच कारणानं पहिल्या आठवड्यात नको. आणि लघवीचं औषध तर नकोच. ही सूज जास्त झालेल्या पाण्याची वाटते, पण मुळात पाणी चुकीच्या जागी गेलेलं असतं. ते औषधानं हुसकलं तर उरलंसुरलं पोटॅशियम घेऊन जातं. लोहाचं औषधही पहिल्या टप्प्यात देत नाही. हिमोग्लोबिन ८ होतं, आणि भेटायला आलेला प्रत्येक जण 'रक्त वाढायचं काहीतरी द्या की' म्हणत होता. संसर्ग आटोक्यात येऊन वजन वाढायला लागल्याशिवाय लोह दिलं तर फायद्यापेक्षा तोटा होतो.

दुधाचं काय केलं? आईला दिलं. शेतकरीकाका मग रोज किटली आणायला लागले, तिच्यासाठी.

चूक झाली ती तिसऱ्या रात्री, आणि ती आमची. रात्री दोनचा आणि चारचा घोट चुकला. पाळीवरच्या ताईंना दुसऱ्या खाटेवरच्या पोराच्या झटक्यामागं पळावं लागलं, आईचा डोळा लागला, आणि उठवायला कुणी नव्हतं. सकाळी सहाला पोरगं थंडगार, मान टाकलेली. काखेतलं तापमान ३४.८. रक्तातली साखर ४६. अशा मुलांत ५४ च्या खाली गेली की धोका धरतात. साखरेचं १० टक्क्यांचं पाणी ५० मिली, चमच्याचमच्यानं. आईच्या उघड्या छातीशी लावून वरून गोधडी. अर्ध्या तासानं त्यानं डोळे उघडले. त्या दिवसापासून भिंतीवर घड्याळाशेजारी बारा रकान्यांचा कागद लागला आणि रात्रीच्या सहीला आईचाही अंगठा सुरू झाला. अशा मुलांच्या मृत्यूंत अशी एखादी शांत रात्र बऱ्याचदा असते. त्यावर 'कुपोषण' असा शिक्का बसतो आणि चुकलेला घोट कुठंच नोंदला जात नाही.

पाचव्या दिवशी वेगळंच संकट. सूज उतरू लागली तसं वजन उतरू लागलं. ९ चं ८.४, मग ८, दहाव्या दिवशी ७.६. गाल बसले, बरगड्या दिसू लागल्या, ढुंगणाची कातडी लोंबायला लागली. आजी भेटायला आली आणि दारातच थबकली. "आणलं तवा भरल्या अंगाचं व्हतं. हितं आणून वाळीवलं तुम्ही माझं लेकरू." तिनं गाठोडं बांधायला घेतलं. समजावून उपयोग नव्हता, कारण डोळ्यांना दिसत होतं ते तिच्याच बाजूचं होतं. मी तिचा हात धरून तिचाच अंगठा त्याच्या पावलावर दाबायला लावला. खड्डा पडला नाही. तिनं दुसरं पाऊल दाबून बघितलं. मग काही न बोलता गाठोडं खाटेखाली सरकवलं. त्याच दुपारी त्यानं पहिल्यांदा माझ्या हातातली वाटी ओढली. आमच्या धंद्यात वजनाआधी या ओढण्याला मान असतो. भूक परतली, पोरगं हसलं, की दुसरा टप्पा: दूध वाढवून १०० मिलीला १०० कॅलरी आणि सुमारे ३ ग्रॅम प्रथिनं. नंतर घरचं खाणं, त्यात शेंगदाण्याचं कूट, गूळ, मुगाची खिचडी, तेल, अंडं.

मग प्रथिनांचा वाद काय, ते इथं थोडं सांगायला हवं, कारण पावडरीचे डबे त्याच वादाचं उरलेलं पिल्लू आहेत. विल्यम्सबाईंनी १९३३ मध्ये सावधपणे लिहिलं होतं की अमिनो आम्लांची (प्रथिनं ज्यांची बनतात त्यांची) किंवा प्रथिनांची कमतरता हे कारण नाकारता येत नाही. पुढच्या काळात जगानं तेवढंच उचललं. पन्नास-साठच्या दशकांत 'प्रथिनांची दरी' भरण्याच्या योजना निघाल्या, नाना तऱ्हेची पिठं आणि पावडरी आल्या. त्याला भारतातूनच प्रश्न विचारले गेले. हैदराबादचे डॉ. सी. गोपालन यांनी दाखवलं की सुकलेल्या आणि सुजलेल्या मुलांच्या घरच्या ताटात फारसा फरक नसतो. आणि आपल्या साताऱ्याकडच्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आकड्यांनी मांडलं की बहुतेक ठिकाणी आधी एकूण अन्नच कमी पडतं. ते पुरेसं मिळालं तर नेहमीच्या भाकरी-डाळीतून प्रथिनं बऱ्यापैकी भागतात. १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच या प्रथिनवेडाचे वाभाडे काढले गेले. एकाच घासावर वाढलेल्या दोघांपैकी एक का सुजतो आणि दुसरा का सुकतो, याचं पूर्ण उत्तर अजून नाही. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या जुळ्यांच्या अभ्यासात आतड्यातल्या जंतूंकडं बोट दाखवलं गेलं, तेही उत्तराचा एक तुकडाच. पण गा बायांच्या शब्दातली गोष्ट, पाठचं आलं आणि याच्याकडचं लक्ष गेलं, ती या सगळ्या वादात शाबूत राहिली.

आईच्या बाटलीचं सांगायचं राहिलं. १९३६ मध्ये विल्यम्सबाईंची बदली मलायात, म्हणजे आजच्या मलेशिया-सिंगापूरकडं झाली. तिथं गोड घट्ट दुधाच्या डब्यांची जोरात विक्री चालू होती, आणि नर्ससारखे कपडे घातलेल्या बायका बाळंतिणींना ते डबे चांगले म्हणून सांगत फिरत. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात बाईंचं भाषण झालं. विषयाचं नाव 'दूध आणि खून'. लहान मुलांच्या आहाराबद्दलचा असला खोटा प्रचार हा गुन्हा समजावा आणि त्यातून झालेले मृत्यू खून धरावेत, असं त्या व्यापाऱ्यांच्या तोंडावर बोलल्या. पुढं दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत सिंगापूरच्याच चांगी तुरुंगात होत्या. जपानी लष्करी पोलिसांचा छळ सोसला. बेरीबेरीनं, म्हणजे 'ब' गटातल्याच दुसऱ्या एका जीवनसत्त्वाच्या अभावानं, पायांची संवेदना गेली ती कायमची. त्याच तुरुंगात २० बाळं जन्मली, सगळी अंगावर पाजली गेली आणि सगळी जगली, असं त्या सांगत. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या. १९९२ मध्ये, ९८ व्या वर्षी ऑक्सफर्डला वारल्या. त्याच वर्षी आपल्या संसदेत डब्याचं दूध आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा झाला. जाहिरात गेली, पण खोपीपर्यंत बाटली पोचायला आता जाहिरात लागत नाही. आत्या आणून देते, दुकानदार सुचवतो.

आमच्या बाईची बाटली काढून घेतली नाही. तिला तान्हं अंगावर घेऊन बसवलं, दर दोन तासांनी थोरल्याचा घोट असे त्याच वेळी. चार दिवसांत दूध वाढलं आणि बाटली खिडकीत तशीच राहिली. जाताना विसरली की मुद्दाम ठेवली, कोण जाणे.

खरी अडचण फडातली होती. बाई परत मोळ्या बांधायला गेली की थोरला पुन्हा आजीकडं, आजीकडं चहा. १८ व्या दिवशी सोडताना मी आहाराचा तक्ता लिहून दिला असता तर तो खोपीच्या कुडात खोचला गेला असता. त्याऐवजी आजीला दोन गोष्टी सांगितल्या. चहा त्याला द्यायचाच नाही. आणि भाकरी कुस्करायची ती शेंगदाण्याच्या कुटात, तेल घालून, दिवसातून चार वेळा. आजी म्हणाली, "कूट कुठनं आणू?" त्याचं उत्तर ताईंनी शोधलं. अंगणवाडीचा आहार रोज तिथं येऊन न्यायची अट त्यांनी स्वतःच्या हिमतीवर बाजूला ठेवली, आणि आठवड्याचा शिधा टोळीवर पोचवला. नाव बीडच्या अंगणवाडीत, पोट शिरोळात, अशा मुलाला शिधा द्यायचा तर एक सही कमी पडते. ती कुठली ते लिहीत नाही.

मार्चअखेर पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला. टोळी ट्रॅक्टरवर पत्रे, भांडी, शेळ्या चढवत होती तेव्हा शेवटचं वजन घेतलं. झोळीत घालताच त्यानं भोकाड पसरलं आणि मी पाऊल धरून अंगठा दाबला तशी लाथ घातली. काटा डोलायचा थांबेना. थांबला तो ९ किलोवर. जानेवारीत होतं तेवढंच. वय दोन महिन्यांनी वाढलेलं, म्हणून तक्त्यावरचा रकाना पुन्हा तोच, मध्यम. ताईंनी वहीत आधीच्या नोंदीखाली तोच आकडा लिहिला, माझ्याकडं बघितलं, आणि आकड्यापुढं कंसात लिहिलं: सूज नाही.